उशाखालचा नीलम

नृसिंहशास्त्री जोशांचा फायदा आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे त्यांना जे वाईट वाटलं ते कशाबद्दल वाटलं हे कळायला सोपं जाईल. हुंड्याचे सातशे रुपये वाचणार होते. इंदूला विसावं संपत आलं होतं आणि दोन ठिकाणांहून ‘मुलगी पसंत, पण पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला होता, तोही शेवगावात सगळ्यांच्या पत्रिका जुळवून देणाऱ्या माणसाच्या घरी. ती इंदू साखर कारखान्यातल्या कायम नोकरीच्या कारकुनाकडे पडणार होती. आणि हे सगळं ज्याच्या बदल्यात, तो वाटाण्याएवढा निळा खडा शास्त्रींना सात रुपये आणि एका लुगड्यात पडला होता. लुगडंही त्यांचं नव्हतं. बायकोचं होतं.

स्थळ बेलापूरचं. मुलाचं नाव शरच्चंद्र, पण व्यवहार सगळा त्याच्या वडिलांशी, विष्णुपंतांशी. विष्णुपंतांनी तीस वर्षं सरकारी खजिन्यात लोकांचे पैसे मोजले होते आणि पेन्शनीत निघाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून त्यांना चुकल्यासारखं होत असे. इंदूला बघून झाल्यावर पोह्यांची बशी खाली ठेवत ते म्हणाले होते, “हुंडा हा शब्द आमच्या घरात चालत नाही, शास्त्रीबुवा.”

शास्त्रींना भरून आलं.

“मला फक्त साडेसाती आहे,” विष्णुपंत पुढे म्हणाले. “कर्क रास. ऐन भरात आहे. पाच रतींचा एक अस्सल नीलम मुलीच्या हातून घरात आला की झालं. ते जमण्यासारखं नसेल तर मग लोक घेतात तसे सातशे.”

नगरच्या सराफात असा नीलम सातशेच्या खाली मिळत नव्हता, हे विष्णुपंतांना शास्त्रींच्या आधी माहीत होतं. कर्क राशीला नीलम मानवतो का, हा प्रश्न शास्त्रींनी विचारलाच नाही. त्यांच्या पोस्टाच्या पुस्तकात दोनशे चाळीस रुपये होते.

“आणि रीत तुम्हाला ठाऊकच आहे,” उठता उठता विष्णुपंत म्हणाले. “सात दिवस उशाखाली ठेवीन. मानवला तर बोटात. नाही मानवला तर परत.”

रीत शास्त्रींना ठाऊक असायलाच हवी होती. नीलम उलटला तर घर बसवतो, म्हणून तो आधी सात दिवस उशाखाली ठेवून पारखायचा, हे तेच लोकांना सांगत आले होते. खडे त्यांच्याकडे गोमेद, पोवळं, फार तर चंद्रकांत असे चार-आठ रुपयांचे असत. त्यांची पारख ते स्वतः करत आणि लोक त्यांच्या शब्दावर घालत.

हे झालं पंचेचाळीस सालच्या श्रावणात. भाद्रपदातली सर्वपित्री त्या वर्षी शनिवारी आली. शिंगणापूरला शनीच्या चौथऱ्यापाशी ही गर्दी, आणि इकडे शेवगावात शास्त्रींची तीन घरी पानं. रविवारी सकाळी ते ओसरीवर अंग टाकून कालच्या तिसऱ्या घरची खीर पचवत होते, तेव्हा लंकाबाई पायरीशी येऊन बसली. ती गावाबाहेरच्या वस्तीवरची. एरवी खुरपायला जायची, शनी अमावास्येला शिंगणापूरला रुईच्या माळा विकायची आणि गर्दी पांगली की चौथऱ्याखालच्या तेलकट चिखलात पडलेले पैसे चाळून काढायची.

“काका, हे बगा काय घावलं.”

तिने पदराची गाठ सोडली. शास्त्री उठून बसले. मग जरा जास्तच घाईने उठलो असं वाटून त्यांनी एक ढेकर दिला.

“आण इकडे. उजेडात बघतो.”

उजेड ओसरीवर भरपूर होता. पण शास्त्री खडा घेऊन आत गेले. आधी जिभेला लावला. गार लागला, आणि गारच राहिला. काच दोन पळांत कोमट होते. मग तोंडाची वाफ सोडली. वाफ धरली तशी उडाली. भिंतीवर वडिलांची तसबीर होती, तिच्या काचेच्या कोपऱ्यावर त्यांनी खड्याची धार दाबून ओढली. कर्र्र झालं, आणि वडिलांच्या उपरण्याखाली पांढरी रेघ उमटली. खड्याला काही नाही.

“इंदू, वाटीत दूध आण,” त्यांनी हाक मारली.

इंदूने दूध आणलं. खडा वाटीत पडला आणि दुधाला आतून निळी झाक आली. पोथीत होतं ते एकेक उतरत होतं. खड्यात डाग नाही, तडा नाही, धागा नाही. पोथीप्रमाणे निर्दोष नीलम राजांच्या वाट्याला येतो. शास्त्रींनी हिशेब केला तो साधा होता: काच नाही, म्हणजे खरा. तिसरं काही असू शकतं हे पोथीत नव्हतं.

ते बाहेर आले. चेहरा पडलेला आणला होता.

“काच आहे गं.”

“काच?”

“औषधाची निळी बाटली असते ना, तिचं बूड.”

लंकाबाईने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. “मंग यवडा येळ आत काय करत हुता? अन् दूद कशापायी मागिटलं?”

“खात्री करावी लागते. हे बघ, देवाच्या दारातली वस्तू आहे. शनीच्या दारातली. घरात ठेवू नकोस, मी शांत करून विसर्जन करतो. हा घे सव्वा रुपया.”

“काच इसर्जन करायला तुमी मला सव्वा रुपाया देताय व्हय?” लंकाबाई म्हणाली. “आजवर तर आमीच तुमाला देत आलो.”

आत इंदूला हसू आलं. शास्त्रींना ते ऐकू गेलं.

“गरीब आहेस म्हणून देतोय.”

“गरीब तर मी पोळ्यालाबी हुते. तवा न्हाई दिलंत.” ती उठली, परसाच्या दाराशी पडलेला वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि ओसरीवर ठेवला. “काच हाय न्हवं? फोडा मंग. माज्या म्होरं फोडा, मी उगा जाते. सव्वा रुपायाबी नगं.”

शास्त्रींनी मूठ मागे घेतली. खरा खडा घावाने फुटत नाही असं लोक म्हणत, आणि तो फुटतो हे शास्त्रींना ठाऊक होतं. मुठीत सातशे रुपये होते. ते वरवंट्याखाली कोण घालील?

“दोन रुपये.”

“फोडा की.”

पुढचं घासाघीस म्हणण्यासारखंही नव्हतं, कारण घासत एकटे शास्त्रीच होते. लंकाबाई दर वेळी ‘फोडा की’ एवढंच म्हणे. सात रुपयांवर ती थांबली आणि मग म्हणाली, “अन् येक लुगडं. कंट्रोलात आमाला फडकं मिळत न्हाई. ते वाळत हाय ते.”

वाळत होतं ते जांभळं नऊवारी, कुपनावर चार महिने थांबून मिळालेलं. इंदूच्या आईने ते दिवाळीला म्हणून एकदाच पाण्यातून काढलं होतं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, ते नका.” शास्त्रींनी दोरीवरून ओढून घडीसुद्धा न घालता दिलं.

लंकाबाईने लुगडं काखेत मारलं. “काचेला काय भाव आलाय, ते आज कळलं बाई,” असं म्हणून ती निघून गेली.

“बाबा,” इंदू दारात होती, “तिला काच म्हणालात.”

“तुझ्यासाठी म्हणालो,” शास्त्री म्हणाले. हे उत्तर इतकं चांगलं होतं की पुढे वर्षभर त्यांना दुसरं शोधावं लागलं नाही.

दसरा होईपर्यंत खडा देव्हाऱ्यात होता. मग शास्त्री कोळशावर चालणाऱ्या मोटारीने, दोन ठिकाणी उतरून ढकलत, नगरला गेले. आसाराम जडिया सराफ बाजारात खडे बसवून द्यायचा. माणूस मितभाषी, डोळ्याला भिंग लावलं की आणखीच. त्याने खडा चिमट्यात धरला, फिरवला, खाली ठेवला, पुन्हा धरला.

“कुठून घेतलात, शास्त्रीजी?”

“घराण्यातला आहे. आजोबांच्या वेळचा.”

“हं.” आसारामने काचेच्या वाटीत पाणी घेतलं, खाली पांढरा कागद सरकवला आणि खडा पाण्यात सोडला. “आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?”

“चाळीस तरी.”

“मग हा आजोबांपेक्षा लहान आहे. या, बघा. रेघा दिसतात?”

शास्त्रींनी भिंगाला डोळा लावला. निळ्या पाण्यासारख्या निळाईत आणखी निळ्या, अगदी पुसट रेघा होत्या. वळलेल्या. एकापाठी एक.

“फोनोची तबकडी बघितलीत ना? तशा,” आसाराम म्हणाला. “जमिनीतल्या नीलमात रेघा असल्या तर सरळ असतात, कोपऱ्यात मोडतात. वळत नाहीत. हा भट्टीतला. विलायतेत भुकटी वितळवून थेंबाथेंबाने वाढवतात.”

“काच?”

“काच नाही हो. काचेला ओरबाडील, जिभेला गार लागेल, सगळं खऱ्यासारखं करील. माल तोच आहे, फक्त जमिनीने केला नाही, माणसाने केला. आणि एक डाग नाही यात. इतका मोठा नीलम आणि एक डाग नाही, म्हणजे मी आधी घाबरतो.”

“किंमत?”

“पाच रुपये. ओळखीत सहा.”

शास्त्री बाकावर बसले. बाहेर कुणीतरी भांड्यांना कल्हई करत होतं, नवसागराचा वास येत होता. तिथी धरली होती. शेवगावभर पेढे वाटून झाले होते. पोस्टात दोनशे तेहेतीस. तिसऱ्यांदा पत्रिका जुळली नाही तर इंदूला बिजवरही चालेल असं म्हणणारे लोक दारात यायला लागतील, आणि त्यांची नावं शास्त्रींना आत्ताच सांगता आली असती. त्यांना लंकाबाईचा रागही आला. देवाच्या दारातून असला माल उचलून आणते आणि त्याचे सात रुपये घेते!

“पंचधातूत बसवून द्या,” ते म्हणाले.

आसारामने भिंग काढलं. “बसवणावळ आठ रुपये. पण घराण्यातला खडा आहे म्हणता, तर पंचवीस होतील.”

“पंचवीस कसले?”

“आठ हाताचे,” आसाराम म्हणाला, “बाकीचे तोंडाचे.”

शास्त्रींनी पंचवीस मोजले. घरी आल्यावर इंदूने विचारलं, “काय म्हणाला जडिया?”

“अस्सल,” शास्त्री म्हणाले. पण अंगठी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली नाही, कोनाड्यात चुन्याच्या डबीशेजारी ठेवली, आणि इंदूने ते पाहिलं. वीस वर्षांच्या मुलीला काय विचारू नये हे दोन मोडलेल्या स्थळांनी शिकवलेलं असतं.

अंगठी बेलापूरला पोचली आणि सात दिवस शास्त्री कुणाचा चेहरा न बघता बोलत होते. पानावर बसत, पण दुसऱ्यांदा वाढू देत नसत. खडा उलटेल ही भीती त्यांना नव्हती. भट्टीतला खडा काय उलटणार? पण त्या सात दिवसांत विष्णुपंतांच्या घरात कुणी घसरून पडलं, दूध नासलं, मांजर आडवं गेलं, तरी अंगठी परत आली असती आणि तिच्यामागे इंदूचं लग्न. आठव्या दिवशी कार्ड आलं. विष्णुपंतांचं अक्षर खजिन्यातलं, आकड्यासारखं सरळ. ‘खडा मानवला. पेन्शनीची तीन वर्षं अडकलेली थकबाकी मंजूर झाल्याचे कळले. खोकला कमी. तिथी कायम समजावी.’

शास्त्री कार्ड हातात घेऊन हसत सुटले. मग गंभीर झाले. थकबाकी खरोखरच मंजूर झाली होती. आसाराम म्हणाला होता, माल तोच आहे. मग गुण का येऊ नये? फाल्गुनात लग्न लागलं तोवर त्यांचं स्वतःचं अर्धंमुर्धं मत झालं होतं की आसारामला नीट दिसलं नसावं.

पुढच्या दिवाळीआधी शास्त्री जावयाला दिवाळसणाचं बोलावणं करायला बेलापूरला गेले. शनिवार होता. विष्णुपंत झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी शास्त्रींना समोरच्या पाटाकडे हात केला.

“इंदूताई, दूध,” त्यांनी हाक मारली.

इंदू वाटी घेऊन आली. वडिलांकडे तिने एकदाच पाहिलं. हाताला भांडी घासून चिरा पडल्या होत्या. त्या घरची भांडीवाली लग्नानंतर आठ दिवसांतच बंद झाली होती, हे शास्त्रींना त्या चिरांवरून कळलं. तिने सासऱ्यांच्या बोटातली अंगठी काढली, दुधात बुडवली, पदराने पुसली, परत बोटात घातली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

“दर शनिवारी करते,” विष्णुपंत म्हणाले. “छान निळं होतं दूध. शास्त्रीबुवा, जमिनीतल्या नीलमात रेघा सरळ असतात म्हणे. खरं का?”

शास्त्रींनी दाराशी उभ्या इंदूकडे पाहिलं.

“मी दुसऱ्याच दिवशी नगरला गेलो होतो,” विष्णुपंत झोपाळ्याला पायाने हळूच झोका देत म्हणाले. “खडा उशाखाली ठेवायचा सातांतला दुसरा दिवस. जडावाचं काम कुणाचं आहे ते पंचधातूवरून कळतं. आसाराम भला माणूस. दहा रुपये घेतले, पण भिंग माझ्याही हातात दिलं.”

“मग... मग ठेवून का घेतलात?”

“तीस वर्षं खजिन्यात होतो मी. नाणं खोटं आलं की नवे लोक ते परत करायचे. मी आणणाऱ्याचं नाव लिहून ठेवत असे.” विष्णुपंतांनी बोट उजेडाकडे धरलं. “खरा असता तर एकदाच मिळाला असता.”

मग त्यांनी सांगितलं, आणि ते कुठलीही शिवी न देता सांगितलं. दिवाळसणाला शरदला सायकल. संक्रांतीला आणि पाडव्याला पंचवीस-पंचवीस. अधिक महिन्यात जावयाला चांदीचं ताट. नाहीतर मुलगी माहेरी सुखी राहो आणि शेवगावात सगळ्यांना कळो की शास्त्रीबुवांच्या पारखेचे खडे कसले असतात. तिथे त्यांच्या शब्दावर अंगठी घालणारी माणसं पुष्कळ होती ना?

“हे... किती दिवस?”

“साडेसाती संपेपर्यंत. ती कधी संपते ते तुम्ही काढा. तुमचा धंदा आहे तो.”

शास्त्री उठले तेव्हा इंदू पायरीपर्यंत आली. तिथे विष्णुपंतांना ऐकू जात नव्हतं.

“मला श्रावणातच सांगितलं त्यांनी,” ती म्हणाली. “मंगळागौरीला पाठवा म्हणून आईने कळवलं, तेव्हा.”

“इंदू, मी तुझ्यासाठी...”

“बाबा, ते नका म्हणू.” ती हातातली रिकामी वाटी फिरवत राहिली. “लंकाबाईने वरवंटा आणून ठेवला होता. तेव्हाच एक घाव घालायचा होता. कुठेतरी बिजवराकडे पडले असते. पण तिथे मला कुणी दर शनिवारी दाखवलं नसतं, की मी कशाच्या बदल्यात आले.”

आतून “इंदूताई” अशी हाक आली, आणि ती गेली.

शेवगावला उतरून शास्त्री घराकडे चालले होते, तर लंकाबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन समोरून आली. अंगावर तेच जांभळं लुगडं, गुडघ्याशी विरलेलं.

“काका, लेक बरी हाय न्हवं?” तिने विचारलं. “अन् ती काच? केली का इसर्जन?”

“केली,” शास्त्री म्हणाले.

घरी तसबिरीच्या काचेवरची रेघ होती तिथेच होती. तिच्याखाली बसून त्यांनी सवयीने हिशेब केला. विष्णुपंतांना साडेसातीत जो लाभ झाला, तो त्यांना खजिन्यातल्या तीस वर्षांत झाला नव्हता. शरच्चंद्राला सायकल. आसारामला दोन्हीकडचे मिळून पस्तीस, बसवणावळीसकट. इंदूच्या आईने एक दिवाळी विटलेल्या लुगड्यावर काढली, दुसरी तशीच येत होती. शास्त्रींचे सातशे वाचलेच नव्हते, फक्त हप्त्यांनी जायचे होते, आणि हप्त्यांना शेवट नव्हता. खड्याची खरी किंमत होती पाच रुपये. ती लंकाबाईला त्यांनी पहिल्याच दिवशी चुकती केली होती, वर दोन रुपये आणि लुगडं. त्या एका व्यवहारात ज्याला फसवायचं होतं ते माणूस तेवढं फसलं नव्हतं. बाकीचं सगळं इंदूने भरलं, आणि अजून भरत होती, दर शनिवारी, एक वाटी दुधात.